जुना गेमिंग संगणक : कोणता भाग बदलावा, कोणता राहू द्यावा?

दहा वर्षांपूर्वी घेतलेले गेमिंग संगणक आता अनेक घरांत कुरकुरू लागले आहेत. मुले म्हणतात नवा घ्या, दुकानदारही म्हणतो नवाच घ्या. ज्याला खिशातून पैसे काढावयाचे असतात तो मात्र विचारतो की, एखादा भाग बदलून काम भागणार नाही का? काही मशीनच्या बाबतीत याचे उत्तर 'भागेल' असे आहे आणि काहींच्या बाबतीत 'नाही' असे. आपली मशीन कोणत्या प्रकारात बसते हे कसे ओळखावे, ते येथे सांगावयाचे आहे.

आमच्यासारख्या कापडवाल्याने हा विषय हाती घ्यावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु किनवटसारख्या तालुक्याच्या गावी गेमिंग संगणक हे आता निव्वळ खेळणे राहिलेले नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी मुले, फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचे डिझाईन करणारे कारागीर, एम्ब्रॉयडरीच्या मशीनसाठी नमुने तयार करणारे, या सर्वांना जी ताकदवान मशीन लागते ती हीच. आमच्या घरी पुतण्या रात्री तिच्यावर गेम खेळतो आणि लग्नसराईत त्याच मशीनवर चार पैसे मिळवतो. तेव्हा तिच्यावरचा खर्च हा शौकाचा खर्च आहे की भांडवलाचा, याचा हिशोब करणे भाग पडते.

आमची मशीन २०१५ सालची. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ ४४६० प्रोसेसर, एच-८१ जातीचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, जीटीएक्स ७५० टीआय हे २ जीबीचे ग्राफिक कार्ड आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस. असा संच त्या काळी पुष्कळांनी घेतला होता, म्हणून उदाहरणासाठी तो सोयीचा आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात पुतण्या म्हणाला, "चाचा, आता नव्या गेम चालत नाहीत आणि व्हिडिओ काढायला रात्र जाते. नवा संच घेऊ या." नांदेडहून भाव आला ६५ हजारांचा. सोबत 'बिनव्याजी हप्त्यां'ची सोय.

या बिनव्याजी हप्त्यांबद्दल जाता जाता दोन शब्द. क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनेत बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम विक्रेता किंवा कंपनी सवलत म्हणून आधी वजा करून देते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि पुष्कळदा प्रक्रिया शुल्कही लागते. व्याजाचा व्यवहार टाळणाऱ्या आमच्या बांधवांनी नाव वाचून समाधान मानू नये, बँकेचा कागद वाचावा. आम्ही हप्त्यांचा विचार सोडला आणि आधी मशीन उघडून पाहावयाचे ठरवले.

अडले कुठे आहे, ते आधी पाहा

गेम म्हणजे पडद्यावर भराभर बदलणारी चित्रे. त्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात. गेममध्ये सेकंदाला ६० मिळाली तर खेळ सफाईने चालतो, ३० च्या खाली गेली की अडखळतो. प्रत्येक फ्रेम तयार होताना प्रोसेसर हिशोब करतो की कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली. ग्राफिक कार्ड ते चित्र रंगवते. लागणारे सामान रॅममध्ये मांडून ठेवलेले असते आणि रॅममध्ये नसेल ते डिस्कवरून आणावे लागते.

शिलाईच्या कारखान्यात एक कटिंग मास्टर दिवसाला ऐंशी पायजमे कापतो, शिवणारा चाळीस शिवतो आणि काज-बटनवाला शंभरांची करतो. दिवसाअखेर माल चाळीसच निघणार. आता मालकाने आणखी चांगला कटिंग मास्टर आणून ठेवला तर काय होईल? कापलेल्या कापडाचा ढीग वाढेल, माल चाळीसच राहील. संगणकाचेही असेच आहे. जो हात मागे पडला आहे तोच बदलावा लागतो. बाकी कुठेही खर्च केला तरी तो फिजूलखर्च.

मागे कोण पडला हे पाहावयास पैसे लागत नाहीत. गेम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक कार्ड यांचा वापर टक्क्यांत दिसतो. ग्राफिक कार्ड ९५ ते ९९ टक्के आणि प्रोसेसर त्याहून बराच खाली, तर कार्ड मागे पडले आहे. कार्ड पन्नास-साठवर रेंगाळते आणि प्रोसेसर शंभराला भिडला आहे, तर दोष प्रोसेसरचा. मात्र आठ-दहा कोरच्या प्रोसेसरमध्ये एकूण आकडा ४० टक्के दिसूनही त्यातला एखादा कोर पूर्ण भरलेला असू शकतो. म्हणून आलेख कोरनिहाय उघडून पाहावा.

आकड्यांवर भरवसा बसत नसेल तर दुसरी परीक्षा करावी. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्राचा आकार १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावा. त्यामुळे कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते, प्रोसेसरचे तेवढेच राहते. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाची होती. जेमतेम तेवढ्याच राहिल्या तर कार्ड बदलून काही हाती लागणार नाही.

आमच्या मशीनवर आकडे असे आले : कार्ड ९८-९९, प्रोसेसर ६५ ते ७०, रॅम ८ पैकी साडेसात जीबीच्या आसपास भरलेली, आणि नवा टप्पा उघडताना डिस्क सरळ १००. म्हणजे तीन हात मागे पडले होते आणि प्रोसेसर, ज्याच्यासाठी दुकानदार सगळी मशीन बदलायला सांगत होता, तो अजून दम धरून होता.

आधी धूळ काढा

भाग विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडून साफ करावे. कापडाच्या दुकानात किंवा शिलाईच्या खोलीत ठेवलेल्या मशीनच्या बाबतीत तर हे अगदी आवश्यक आहे. सुताची लव पंख्यात ओढली जाते आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली तिची गादी तयार होते. हवा अडली की प्रोसेसर तापतो आणि शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. आमच्याकडे मे महिन्यात खोलीच इतकी तापलेली असते की त्याला थोडेच निमित्त पुरते. पुष्कळदा 'मशीन जुनी झाली' असे जे म्हटले जाते ते खरे म्हणजे 'मशीन गुदमरली' असे असते.

वायर काढावी, ब्लोअरने धूळ उडवावी, पण उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ब्लोअरच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याची बेअरिंग खराब होते. प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली थर्मल पेस्ट आठ-दहा वर्षांत वाळून खडूसारखी होते. ती पुसून नवी लावावी. आम्हाला एकूण खर्च आला अडीचशे रुपये. फ्रेम फारशा वाढल्या नाहीत, परंतु अर्धा तास खेळल्यावर जो अचानक मंदपणा यायचा तो गेला.

येथेच मॉनिटरचा विषय संपवून टाकू. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. त्यावर कार्डाने १२० फ्रेम तयार केल्या तरी डोळ्यांना ६० च दिसणार. तेव्हा साधा मॉनिटर असणाऱ्याने ६० च्या पुढे जाण्यासाठी मोठे कार्ड घेण्यात मतलब नाही. रंगीबेरंगी दिव्यांच्या कॅबिनेटबद्दल तर आम्ही काही लिहीतच नाही.

भाड्याच्या दुकानाचा हिशोब

मागे पडलेला हात कळला म्हणून लगेच तो बदलावा असेही नाही. दुसरा प्रश्न असा की, आज घातलेला पैसा उद्या आपल्यासोबत येईल काय?

भाड्याच्या दुकानात बसलेला व्यापारी हे बरोबर जाणतो. रॅक, काउंटर, पंखे, शिलाई मशीन यांवर तो मोकळ्या हाताने खर्च करतो, कारण जागा सोडताना हे सर्व उचलून नेता येते. फरशी आणि छतावर मात्र हात राखून खर्च करतो, ते मालकाकडेच राहणार असते. संगणकातही काही भाग रॅकसारखे आहेत आणि काही फरशीसारखे. एसएसडी, एसएमपीएस, ग्राफिक कार्ड आणि मॉनिटर उद्या नव्या मशीनमध्ये लावता येतात. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम हे तिघे एकमेकांना बांधलेले असतात. प्रोसेसरची पिढी बदलली की पुष्कळदा सॉकेट बदलते, सॉकेट बदलले की बोर्ड बदलतो आणि बोर्ड बदलला की बहुधा रॅमही. डीडीआर-३ ची पट्टी डीडीआर-४ च्या खाचेत बसत नाही, डीडीआर-४ ची डीडीआर-५ मध्ये बसत नाही. 'फक्त प्रोसेसर बदलू' म्हणणारा माणूस म्हणूनच तीन वस्तूंचे बिल घेऊन घरी येतो.

या कसोटीवर आम्ही एकेक भाग पाहिला.

सर्वांत आधी एसएसडी. फिरती डिस्क सेकंदाला शे-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. खरा फरक मात्र लहान लहान फाईली वेचून आणण्यात आहे. तेथे फिरत्या डिस्कची सुई जागोजागी धावत बसते आणि एसएसडीला धावावेच लागत नाही. एसएसडीने फ्रेम वाढत नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वाट पाहणे मात्र कमी होते, आणि व्हिडिओचे काम करणाऱ्याला तोच मोठा फायदा. एच-८१ बोर्डावर साटाचे दोन सॉकेट वेगवान आणि दोन जुने असतात. एसएसडी वेगवान सॉकेटमध्येच लावावी, बोर्डावर त्याचा रंग किंवा नंबर दिलेला असतो. आम्ही ५०० जीबीची घेतली, ३२०० रुपयांना. जुनी डिस्क साठवणुकीसाठी तशीच ठेवली.

रॅम फरशीच्या जातीची. पण जुनी वापरलेली डीडीआर-३ ची ८ जीबीची पट्टी ९०० रुपयांत मिळाली, आणि एवढ्या पैशात फरशी दुरुस्त होत असेल तर करून घ्यावी. रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने लावल्या की प्रोसेसरला त्यांच्याकडून दुहेरी वाटेने माल मिळतो, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या.

रॅमच्या भावाबद्दल एक बाब व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०२५ च्या अखेरीस रॅम आणि एसएसडीचे भाव जोराने चढले. मेमरी तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपला माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवला. मायक्रॉन कंपनीने तर ३ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर केले की क्रुशियल या नावाने ग्राहकांना विकला जाणारा माल आपण बंद करीत आहोत. निर्यातीची मागणी वाढली की सुताचा भाव इचलकरंजी-मालेगावच्या लूमवाल्याला कसा भिडतो हे आपण जाणतो. तोच प्रकार येथे झाला. तेव्हा जुनी मशीन मोडणाऱ्याने त्यातल्या रॅमच्या पट्ट्या आणि एसएसडी भंगाराच्या भावात देऊ नयेत, आधी बाजारात भाव विचारावा.

वीज आणि एसएमपीएस

ज्या भागाकडे कोणी पाहत नाही आणि जो खराब झाला तर बाकीच्यांना घेऊन जातो तो हा एसएमपीएस. आमच्या भागात विजेचा दाब कमी-जास्त होतो, मृगाच्या तोंडावर कडकडाट होतो, वीज जाते आणि धक्क्यासरशी येते. असा सर्व मार पहिल्यांदा याच डब्यावर बसतो.

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यावर '४५० वॅट' असे ठसठशीत छापलेले असते. पन्हा ४४ इंच म्हणून दिलेले कापड मोजल्यावर ४२ भरावे, तसलाच हा मामला. लेबलवर बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या ओळीसमोर अँपिअर लिहिलेले असतात. तेथे १६ अँपिअर असतील तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघेही मुख्यतः याच ओळीवर चालतात, म्हणून खरी ताकद तेवढीच समजावी. वर छापलेला मोठा आकडा नुसता शोभेचा.

आता गरज किती ते पाहू. आमचा प्रोसेसर जास्तीत जास्त ८४ वॅट घेतो. जे कार्ड लावावयाचे होते ते ७५ वॅटचे. बोर्ड, डिस्क, पंखे यांना पन्नास धरा. एकूण २०९. म्हणजे आम्हाला चांगल्या कंपनीचा, '८० प्लस' खूण असलेला ४५० वॅटचा एसएमपीएस भरपूर होता. तो ३००० रुपयांना मिळाला. ७५० वॅटचा घ्या असा आग्रह करणाऱ्या दुकानदाराला हा हिशोब कागदावर मांडून दाखवावा, तो लगेच दुसऱ्या गोष्टीकडे वळतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष घराच्या अर्थिंगमध्ये आहे. तो दुरुस्त केल्याशिवाय मशीनमध्ये एक रुपयाही घालू नये.

कार्डाचा सौदा

ग्राफिक कार्डात सर्वांत जास्त पैसा जातो आणि फसवणूकही येथेच जास्त होते.

आमच्यापुढे तीन पर्याय आले. पहिले जीटीएक्स १०५० टीआय, २०१६ चे, वापरलेले, स्वस्त. दुसरे एएमडीचे आरएक्स ६४००, जानेवारी २०२२ चे, कोरे. तिसरे जीटीएक्स १६५०, २०१९ चे, वापरलेले. तिन्ही कमी वीज खाणारी.

कोरा माल सोडून वापरलेला का घ्यावा, असा प्रश्न कोणीही करील. कारण असे की, आरएक्स ६४०० हे कार्ड बोर्डाशी चारच वाटांनी बोलते. नव्या बोर्डावर, जेथे पीसीआय एक्सप्रेसची चौथी आवृत्ती आहे, तेथे चार वाटा पुरतात. एच-८१ बोर्डावर दुसरी आवृत्ती आहे आणि तेथे प्रत्येक वाटेचा वेग नव्याच्या एक चतुर्थांश. गोदाम मोठे पण दार अरुंद, असा प्रकार होतो. याच कंपनीच्या आरएक्स ६५०० एक्सटीचेही तसेच आहे. जुन्या बोर्डावर ही कार्डे लावून 'नवे कार्ड घेऊनही गेम अडखळते' म्हणणारे पुष्कळ आहेत.

१०५० टीआयला ही अडचण नाही, पण तिची दुसरी आहे. एनव्हिडिया कंपनीने २०२५ च्या जुलैअखेरीस जाहीर केले की ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांना, तसेच आमच्या जुन्या ७५० टीआयच्या जातीला, नव्या गेमसाठीचा शेवटचा ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये मिळेल. त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरती दुरुस्ती. १६५० ही त्यापुढच्या पिढीची, या यादीत नाही. भावात फरक हजार-बाराशेचा होता. तेव्हा १६५० घेतली, साडेसहा हजारांना. तिचे काही नमुने वेगळी वायर मागतात आणि काही बोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतात. खाचेतून ७५ वॅटपर्यंत मिळते, म्हणून वायर न मागणारा नमुना जुन्या मशीनला सोयीचा.

वापरलेले कार्ड घेताना काय पाहावे? १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर ते 'खणण्याचा' धंदा एकाएकी बंद पडला. तेव्हा रात्रंदिवस राबलेली हजारो कार्डे बाजारात आली. आरएक्स ५८० सारखी मोठी कार्डे स्वस्तात दिसली की हा इतिहास आठवावा. पंखा हाताने फिरवून पाहावा, खरखर नको. स्क्रू खरवडलेले आहेत का, जळका वास येतो का, हे पाहावे. मग विकणाऱ्याच्याच मशीनवर जड गेम अर्धा तास चालवावी, तापमान आणि पडद्यावर रेघा-ठिपके येतात का ते पाहावे. जो अर्धा तास द्यावयास तयार नाही त्याच्याशी सौदा करू नये.

आणखी एक फसवणूक आहे. अगदी जुन्या कार्डाच्या चिपमध्ये फेरफार करून ते १०५० टीआय असल्याचे भासवले जाते. विंडोजमध्ये नावही तेच येते. जीपीयू-झेड नावाचे एक छोटे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते अशा बनावट कार्डासमोर 'फेक' असे लिहून दाखवते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये माल घ्यावयास जाणाऱ्याने हे सॉफ्टवेअर पेनड्राईव्हमध्ये सोबत न्यावे. आमच्या गावाहून हैदराबादची बाजू जवळची आहे, पण रात्रीची गाडी करून गेल्यावर माल परत करावयास पुन्हा कोण जातो? तपासणी जागेवरच व्हावी.

नव्या मालाचे बिल घ्यावे आणि बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यावा. 'बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील' असे सांगितले जाते. वाचतात, आणि वॉरंटीही जाते. जीएसटी भरणाऱ्या व्यापाऱ्याने धंद्याच्या मशीनसाठी घेतलेल्या भागांवरचा कर वळता करून घेता येतो, कंपोझिशनमधील व्यापाऱ्याला ती सोय नाही. मुलांच्या खेळाच्या मशीनचे बिल दुकानाच्या खात्यात टाकणे हा मात्र सरळ सरळ खोटा हिशोब होय.

प्रोसेसर आम्ही का बदलला नाही

कार्ड बदलल्यावर नव्या गेममध्ये फ्रेम २८-३० वरून पन्नासच्या पुढे गेल्या. गर्दीच्या दृश्यात प्रोसेसर आता ९५ टक्क्यांवर जाऊ लागला. म्हणजे मागे पडलेला हात बदलला आणि आता दुसऱ्याची पाळी आली. याच बोर्डावर बसणारा आय-७ ४७९० वापरलेला साडेचार हजारांत मिळत होता. पुतण्याचे मन होते. आम्ही नको म्हटले.

कारण विंडोजचे. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. घरगुती वापरकर्त्याने नावनोंदणी केली तर सुरक्षेची जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढच्या प्रोसेसरांनाच रीतसर चालते. चौथ्या पिढीत आय-५ च्या जागी आय-७ आणला तरी भिंत तीच. आडमार्गाने ११ बसवणारे आहेत, परंतु व्हॅलोरंटसारखी गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप मागते आणि ती नसेल तर उघडतच नाही. स्टीमनेही विंडोज ७ आणि ८ साठीची मदत १ जानेवारी २०२४ पासून थांबवली. साडेचार हजारांची ही फरशी आम्ही बसवली नाही. ते पैसे पुढच्या बोर्डासाठी बाजूला ठेवले.

ज्यांच्याकडे २०१७-१८ ची एएमडी रायझनची मशीन आहे त्यांना मात्र आमचा सल्ला उलट आहे. बी-३५० किंवा बी-४५० बोर्डावर रायझन ५ १६०० असेल तर त्याच सॉकेटमध्ये एप्रिल २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. सहा कोर, ६५ वॅट, बोर्ड तोच, रॅम तीच, आणि विंडोज ११ चा रस्ता मोकळा. येथे प्रोसेसरवर केलेला खर्च वाया जात नाही. अट एवढीच की बोर्डाच्या कंपनीच्या यादीत त्या प्रोसेसरचे नाव असावे आणि जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस नवे करून घ्यावे. बायोस भरताना मधेच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. आमच्याकडे हे काम यूपीएस लावूनच करावे आणि भारनियमनाची वेळ टाळून करावे.

एकूण खर्च मांडतो : सफाई २५०, एसएसडी ३२००, रॅम ९००, एसएमपीएस ३०००, कार्ड ६५००. बेरीज १३,८५० रुपये. यातले १२,७०० चे सामान पुढच्या मशीनमध्ये जाईल, आणि तोपर्यंत एक-दोन लग्नसराया या मशीनवर निघतील. जुने ७५० टीआय पंधराशेला गेले.

नव्या विंडोजवर जाऊ न शकणारी मशीन गेम आणि एडिटिंगसाठी ठेवावी, पण तिच्यावर बँकेचे आणि जीएसटीचे लॉगिन करू नये. विशेषतः ज्या मशीनवर मुले चोरीच्या गेम उतरवतात तिच्यावर तर मुळीच नाही. अशा फुकटच्या गेमसोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात, आणि गेम पाचशेची असली तरी चालू खात्यात व्यापाऱ्याचे महिन्याचे पेमेंट पडून असते. आम्ही दुकानाचे काम वेगळ्या साध्या लॅपटॉपवर नेले. जुनी फिरती डिस्क पुढेमागे विकावयाची वेळ आली तर नुसते 'डिलीट' करून भागत नाही, ग्राहकांची उधारीची खाती त्यातून पुन्हा काढता येतात. ती पूर्ण फॉरमॅट करून, 'क्विक' ची खूण काढून टाकून, मगच द्यावी, नाहीतर घरातच ठेवावी.